पाद्री थॉमस स्टीफन्स व ख्रिस्ती सणवारांचे मर्म

पालम, गंगाखेड या बाजूच्या लहान लहान मंडळ्यांतून महाशिवरात्र व होळी यांच्या सुमारास एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांनी आमच्या कानी येतो. ज्या घरातून मनुष्य प्रभूकडे आला त्या घरची वृद्ध आई अजून एकादशी धरते. कामधंद्यासाठी मुंबईस गेलेला भाऊ सांगतो की, तेथील रोमन कॅथोलिक शेजारी शुक्रवारी मांस खात नाहीत, आणि वर्षातून एका बुधवारी कपाळास राख लावून घरी येतात. हे सर्व ऐकून आमचा नवा बंधू उपदेशकास विचारतो की, आपला उपास कोणता? आपला पवित्र दिवस कोणता? आपण बिनसणाचे, बिनव्रताचे लोक आहो काय? कित्येक जण म्हणतात की, ख्रिस्ताने सारी बंधने तोडली, आता दिवस पाळण्याचे कारण उरले नाही. दुसरे कित्येक जुना उपास उपदेशकाच्या दृष्टीआड मुकाट्याने धरतात. पहिल्यांच्या घरी भक्तीचा दिवसच राहत नाही, आणि दुसऱ्यांच्या मनास चोरटेपणाचा डाग लागतो.

ह्या प्रश्नाचे उत्तर केवळ वादाने देण्यापेक्षा एका मनुष्याचे चरित्र सांगून द्यावे असे आम्हांस वाटले. हा मनुष्य आमच्या पंथाचा नव्हता. तो येशूसंघाचा पाद्री होता, व त्याची कित्येक मते आम्हांस मान्य नाहीत. तथापि मराठी भाषेतील पहिला मोठा ख्रिस्ती ग्रंथ त्याच्या हातचा आहे, आणि तो ग्रंथ अशाच एका प्रश्नातून जन्मास आला. त्याचे नाव थॉमस स्टीफन्स.

स्टीफन्स यांचा जन्म 1549 च्या सुमारास इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात बुश्टन ह्या खेड्यात झाला. त्यांचे वडील व्यापारी होते. तो काळ त्या देशात धर्माच्या उलथापालथीचा होता. आठवा हेन्री राजा याने 1534 साली पोपशी संबंध तोडला. पुढे त्याची मुलगी मेरी हिने तो पुन्हा जोडला. आणि 1558 साली एलिझाबेथ राणी गादीवर आल्यावर तो पुन्हा तुटला. 1559 च्या कायद्याने प्रत्येक मनुष्याने रविवारी व सणाच्या दिवशी राज्यमान्य देवळातच गेले पाहिजे असे ठरले, आणि जो न जाईल त्यास बारा पेन्स दंड बसू लागला. जुन्या रीतीची उपासना, जिला कॅथोलिक लोक मिस्सा म्हणतात, ती करणे गुन्हा झाला. आम्हां प्रॉटेस्टंटांस हे वाचताना मान खाली घातली पाहिजे. कारण ह्या वेळी दंड करणारा हात आमच्या बाजूचा होता.

तरुण स्टीफन्स यांची थॉमस पाऊंड नावाच्या एका श्रीमंत कॅथोलिक गृहस्थाशी मैत्री जडली. पाऊंड हे गावोगाव हिंडून आपल्या पंथाच्या लोकांस धीर देत असत. स्टीफन्स त्यांच्याबरोबर नोकराच्या वेषाने फिरत. लपूनछपून भरलेल्या खोलीत दिवा झाकून सण पाळणारे लोक त्यांनी अशा प्रवासात पाहिले असतील. दोघांनी रोम शहरी जाऊन येशूसंघात शिरण्याचा निश्चय केला. पण निघण्यापूर्वीच पाऊंड पकडले गेले, आणि त्यांच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे निरनिराळ्या तुरुंगांत गेली. स्टीफन्स एकटेच रोमास पोहोचले, व 1575 च्या आक्टोबरात त्यांस संघात घेण्यात आले. ज्याचा पवित्र दिवस सरकारने हिरावून घेतला त्यास त्या दिवसाची किंमत कळते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

हिंदुस्थानात सेवा करण्याची त्यांची इच्छा होती. 4 एप्रिल 1579 रोजी ते लिस्बन बंदरातून जहाजात बसले. आफ्रिकेला वळसा घालून सहा महिन्यांहून अधिक काळ समुद्रावर काढल्यावर 24 आक्टोबर रोजी ते गोव्यास उतरले. थोड्याच दिवसांत त्यांनी आपल्या वडिलांस एक लांब पत्र लिहून प्रवासाची सर्व हकिगत कळविली. ते पत्र पुढे इंग्लंडात छापले गेले व पुष्कळ लोकांनी वाचले. हिंदुस्थानात येऊन कायम राहिलेला पहिला इंग्रज म्हणून इतिहासात ज्याचे नाव सापडते तो हाच. व्यापारासाठी किंवा राज्यासाठी तो आला नव्हता, आणि जन्मभूमीस पुन्हा कधी परतला नाही.

त्यांचे आयुष्य बहुतेक गोमंतकातील साष्टी प्रांतात गेले. तेथील स्थिती कशी होती हे आम्ही लपवू इच्छीत नाही. पोर्तुगीज सरकारने 1567 साली साष्टीतील हिंदूंची देवळे पाडली होती. त्यांचे सण व संस्कार यांवर बंदी घातली होती. आणि 1560 पासून गोव्यात इन्क्विझिशन नावाचे धर्मन्यायालय बसले होते. इंग्लंडात स्टीफन्स यांच्या लोकांवर जो प्रसंग आला होता तोच येथे त्यांच्या पंथाच्या राज्यकर्त्यांनी दुसऱ्यांवर आणला होता. 1583 च्या जुलै महिन्यात कुंकळ्ळी गावच्या लोकांनी, देवळे मोडल्याचा राग मनात धरून, रुडॉल्फ अक्वाविवा व त्यांचे चार सोबती अशा पाच येशूसंघीयांस ठार मारले. त्यांचे देह मिळवून त्यांस ख्रिस्ती रीतीने पुरण्याच्या कामी स्टीफन्स यांचा हात होता. पुढे सरकारने कुंकळ्ळीच्या प्रमुखांस असोळणे येथील किल्ल्यात बोलावून कपटाने मारिले. ज्या भूमीवर दोहींकडून असे रक्त सांडले तिच्यात सुवार्तेचे बीज पेरणे किती कठीण असेल ह्याचा विचार उपदेशकांनी करावा. तलवारीने मूर्ती फुटते, पण मन वळत नाही.

त्याच वर्षाच्या अखेरची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. जॉन न्यूबरी, राल्फ फिच इत्यादी चार इंग्रजांस होर्मुझ येथे पकडून गोव्याच्या तुरुंगात आणून टाकिले होते. ते स्टीफन्स यांच्या पंथाच्या शत्रूदेशातून आले होते, आणि त्यांच्या राणीच्या कायद्यामुळेच स्टीफन्स यांचा मित्र कैदेत पडला होता. तथापि स्टीफन्स यांनी खटपट करून त्यांस जामिनावर सोडविण्यास साहाय्य केले. वैऱ्याशी कसे वागावे याविषयी प्रभूचा जो उपदेश आहे तो त्यांनी केवळ मुखाने सांगितला नाही.

स्टीफन्स यांनी कोंकणी व मराठी या दोन्ही भाषा मोठ्या परिश्रमाने शिकून घेतल्या. 1583 साली आपल्या भावास लिहिलेल्या पत्रात त्यांनी असे नमूद केले की, ह्या देशातील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांशी मिळतीजुळती आहे. सर विल्यम जोन्स यांनी हाच विचार 1786 साली विद्वानांपुढे मांडला. पण त्यांच्या दोनशे वर्षे आधी एका पाद्र्याच्या ध्यानी तो आला होता. कोंकणीचे पहिले व्याकरण त्यांनी रचले, ते 1640 साली राशोल येथे छापले गेले. प्रश्नोत्तररूपाने लिहिलेले त्यांचे ख्रिस्ती तत्त्वांचे कोंकणी पुस्तकही त्यांच्या मागे 1622 साली छापून निघाले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. साष्टीतील नव्या ख्रिस्ती लोकांचे जुने सण गेले, जुने उपास गेले, आणि सणाच्या रात्री देवळात बसून ऐकावयाची पुराणेही गेली. त्यांच्या जागी काय आले? रविवार आला, नाताळ आला, चाळीस दिवसांचा उपासकाळ आला. पण लॅटिन भाषेतील प्रार्थना त्यांच्या कानांवरून वाहून जाई. पूर्वी एकादशीच्या दिवशी पोटास अन्न नसले तरी कानास कथा होती. आता दिवस होता आणि कथा नव्हती. ख्रिस्तपुराणाच्या आरंभीच सांगितले आहे की, एका रविवारी ख्रिस्ती शिक्षणाचा वर्ग चालू असता नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्या एका ब्राह्मणाने पाद्र्यांस विनविले की, तुम्ही आमची पूर्वीची पुराणे बंद केलीत, तर त्यांऐवजी आम्हांस दुसरे पुराण का देत नाही? हा प्रश्न स्टीफन्स यांच्या मनास लागला. त्यांनी त्यास उद्धटपणा म्हटले नाही. भुकेलेला मनुष्य भाकर मागतो तशी ती मागणी आहे असे त्यांनी ओळखले.

ह्या ठिकाणी कॅथोलिक लोक सणवार व प्रायश्चित्त यांचा काय अर्थ समजतात हे सांगितले पाहिजे. कारण आमचे पुष्कळ लोक त्याविषयी ऐकीव गोष्टींवर मत बनवितात. त्यांच्या पंचांगाचा मध्य पुनरुत्थानाचा सण हा आहे. त्याच्या आधी सेहेचाळीस दिवस राखेचा बुधवार येतो. मधले सहा रविवार वगळले म्हणजे चाळीस दिवस उरतात. कारण रविवार हा प्रभूच्या उठण्याचा दिवस म्हणून त्या दिवशी उपास नाही. हे चाळीस दिवस प्रभूने अरण्यात केलेल्या उपासाच्या स्मरणार्थ आहेत. त्या बुधवारी कपाळास लावतात ती राख आमच्या खेड्यांतील अंगाऱ्यासारखी भूतबाधा टाळण्यासाठी नसते. मनुष्य मातीचा आहे व मातीस मिळणार आहे, ह्याची ती आठवण असते. शुक्रवारी मांस वर्ज्य करतात ते प्रभूच्या मरणाचा दिवस म्हणून. स्टीफन्स यांच्या काळी उपासकाळात दिवसाकाठी एकच पुरते जेवण घेण्याचा कडक नियम होता. आता, 1966 साली पोप सहावे पॉल यांनी नियम सैल केल्यापासून, राखेचा बुधवार व उत्तम शुक्रवार हे दोनच उपासाचे दिवस सक्तीचे राहिले आहेत.

उपास, प्रार्थना व दानधर्म ही तीन एकत्र असावीत असे त्यांचे जाणते शिक्षक सांगतात. तोंडचा घास वाचवावा, वाचलेला वेळ देवास द्यावा, वाचलेले धान्य गरिबास द्यावे. पापाबद्दल खरे दुःख, पापाची कबुली व पापाची भरपाई असे प्रायश्चित्ताचे तीन भाग ते मानतात. हा त्यांचा मूळ अर्थ. पण मूळ अर्थ एक व गावातील चाल दुसरी, असे सर्वत्र होते. आमच्याकडे एकादशी दुप्पट खाशी अशी म्हण पडली आहे. तिकडेही मांस सोडून शुक्रवारी उत्तम मासळीवर ताव मारणारे निघतात. ज्या उपासात अर्थ उरला नाही तो उपास म्हणजे ताटातील पदार्थांची अदलाबदल होय.

स्टीफन्स यांनी ह्या पोकळीवर एक उपाय केला. दिवसाला त्यांनी कथा जोडून दिली. पुष्कळ वर्षे श्रम करून त्यांनी ओवीछंदात सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ रचिला. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात सृष्टीची उत्पत्ती, आदाम व हव्वा यांचे पतन, जलप्रलय, अब्राहाम, मोशे, दावीद व संदेष्टे यांचे वृत्त आहे. दुसऱ्या पुराणात प्रभु येशूचा जन्म, त्याची शिकवण, दुःख, मरण व पुनरुत्थान सांगितले आहे. एकंदर अध्याय पंचाण्णव असून त्यांस त्यांनी अवस्वर असे नाव दिले. मराठी भाषेचा त्यांनी जो गौरव केला आहे तो तिच्या पोटी जन्मलेल्या फार थोड्या कवींनी केला असेल. आमच्या गोदावरीच्या वरच्या अंगास पैठण येथे एकनाथ महाराज 1599 साली वारले. म्हणजे स्टीफन्स गोव्यात मराठी शिकत होते तेव्हा तिकडे एकनाथ ओव्या रचीत होते. ज्या छंदात ह्या देशाचे लोक शेकडो वर्षे देवाची कथा ऐकत आले होते तोच छंद परदेशी पाद्र्याने उचलला, व त्यात ख्रिस्ताची कथा ओतली.

हा ग्रंथ 1616 साली राशोल येथे प्रथम छापला गेला. देशी लिपीचे खिळे मिळावेत म्हणून स्टीफन्स यांनी 1608 साली वरिष्ठांस पत्र लिहिले होते. पण ते साधले नाही, आणि ग्रंथ रोमन अक्षरांत छापावा लागला. रविवारी व सणाच्या दिवशी उपासना आटोपल्यावर लोक देवळात बसून हे पुराण ऐकू लागले. उत्तम शुक्रवार आता त्यांस परका राहिला नाही. कारण त्या दिवशी कोण मेला, कशासाठी मेला, त्याच्या आईने काय सोसले, हे त्यांस आपल्या भाषेत कळू लागले. ज्या बाईस एक अक्षर वाचता येत नव्हते तिलाही ओवी कानाने घेऊन घरी नेता आली.

स्टीफन्स 1619 साली, सुमारे सत्तर वर्षांचे होऊन, गोमंतकातच प्रभूच्या ठायी निजले. त्यांच्या ग्रंथाच्या 1649 व 1654 साली आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. पुढे 1684 साली पोर्तुगीज सरकारने देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढिला. जी भाषा स्टीफन्स यांनी ख्रिस्ताच्या पायी वाहिली तीच त्यांच्या राज्यकर्त्यांनी टाकून देण्यास सांगितले. तरी पुराण मेले नाही. गोवा सोडून मंगळुराकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या हस्तलिखित प्रती जपून ठेविल्या, आणि त्यांवरून जोसेफ सालढाणा यांनी 1907 साली मंगळूर येथे तो ग्रंथ पुन्हा छापला. देवनागरी लिपीतील त्याचे एक हस्तलिखित लंडन येथील मार्सडेन यांच्या संग्रहात होते. ते ओळखून विद्वानांपुढे आणण्याचे श्रेय आमच्या अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री जस्टिन ॲबट यांस आहे. 1956 साली शांताराम बंडेलू यांनी पुण्यास देवनागरी आवृत्ती काढिली. एका येशूसंघीयाचा ठेवा एका प्रॉटेस्टंट मिशनरीने उजेडात आणावा व एका महाराष्ट्रीय विद्वानाने तो महाराष्ट्राच्या हाती द्यावा, ह्यात आम्हांस देवाची योजना दिसते.

आता आमचा निर्णय. कॅथोलिक बंधूंच्या शिकवणीतील एक गोष्ट आम्ही स्वीकारू शकत नाही. आमच्या उपासाने पापाची भरपाई होते असे आम्ही मानीत नाही. ती भरपाई प्रभूने वधस्तंभावर एकदाच पूर्ण केली, आणि तिच्यात मुठभर भगरीच्या त्यागाने काही भर पडत नाही. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल सांगतो की, खाण्यापिण्यावरून किंवा सणावरून कोणी आपला न्याय करू नये. पण त्याच पौलाने रोमकरांस पत्राच्या चवदाव्या अध्यायात असेही लिहिले आहे की, जो दिवस पाळतो त्याने तो प्रभूकरिता पाळावा, आणि एकाने दुसऱ्यास तुच्छ मानू नये. उपास करू नका असे प्रभूने कोठेही सांगितले नाही. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात त्याने इतकेच शिकविले की, तो लोकांस दिसावा म्हणून करू नये. आणि यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देवाने कोणता उपास निवडला हे स्पष्ट आहे: दुष्टतेच्या बेड्या तोडाव्या, भुकेल्यास आपल्या भाकरीतील वाटा द्यावा, उघड्यास वस्त्र द्यावे. ल्यूथरने 1517 साली आपल्या पंचाण्णव कलमांत पहिले कलम पश्चात्तापाविषयीच मांडिले, व ख्रिस्ती मनुष्याचे सारे आयुष्य पश्चात्तापाचे असावे असे प्रतिपादिले. तेव्हा जो प्रॉटेस्टंट म्हणतो की, मला चाळीस दिवस नकोत, त्याने तीनशे पासष्ट दिवस पत्करले आहेत हे त्याने विसरू नये.

स्टीफन्स यांच्या चरित्रातून आम्हांस दोन धडे दिसतात. पहिला हा की, जुलमाने सण बंद करता येतो, पण जुलमाने भक्ती उत्पन्न होत नाही. इंग्लंडात ते सिद्ध झाले व गोव्यातही सिद्ध झाले. म्हणून आमच्या घरची आई एकादशी धरीत असेल तर तिची थट्टा करू नये व तिचा फराळ लाथाडू नये. दुसरा धडा हा की, मनुष्याकडून जुने काढून घेतल्यावर त्याची जागा रिकामी ठेवणे धोक्याचे आहे. रिकाम्या घरात काय शिरते हे प्रभूने दृष्टांताने सांगितलेच आहे. जुना दिवस सोडविला तर नवा दिवस दिला पाहिजे, आणि त्या दिवसात वचन भरले पाहिजे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी हेच ओळखून ख्रिस्तायन ओवीत लिहावयास घेतले, आणि 1919 साली ते वारल्यावर लक्ष्मीबाईंनी ते काम पुढे नेऊन पुरे केले. नाताळ हा शब्द आपण खेड्याखेड्यांतून बोलतो, तोही पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आला आहे. तेव्हा त्या जुन्या बंधूंचे आपण काहीच लागत नाही असे म्हणू नये.

उपदेशक बंधूंनो, येत्या उपासकाळात कोणी तुम्हांस विचारील की, आपला उपास कोणता, तर त्यास हसून टाळू नका आणि त्याच्या गळ्यात नियमांची माळही घालू नका. त्यास संध्याकाळी आपल्या ओसरीवर बोलवा. दिवा लावा, आणि प्रभूच्या दुःखसहनाचा एक अध्याय मोठ्याने वाचा. वाचता न येणाऱ्या आयाबहिणींस पुढे बसवा. ज्याने एक वेळचे अन्न सोडले असेल त्याने तेवढी ज्वारी वेगळी काढून गावातील एखाद्या विधवेच्या घरी मुकाट्याने पोहोचवावी, व त्याविषयी कोणास सांगू नये. ज्यास उपास झेपत नाही, किंवा ज्याच्या घरी रोजच अर्धपोटी राहावे लागते, त्याने तो करू नये. देव त्याजकडून भूक मागत नाही. त्याने वैर असलेल्या भावाकडे जाऊन समेट करावा. असा दिवस पाळला गेला तर तो पवित्र दिवस होईल, मग पंचांगात त्यास नाव असो वा नसो.